सुईनंतरचा अर्धा तास

४ जून

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही निवृत्त होऊन तीन महिने झाले आणि मी आज पहिलं पत्र लिहितेय. रागावला असाल तर रागवा. फोन केला असता, पण तुमचा डावा कान पिंजरे धुण्याच्या मशीननं कायमचा बाद केलाय आणि उजव्याला माझं भरभर बोलणं झेपत नाही, हे चार वर्षांत मला पुरतं कळलंय. म्हणून कागद.

बातमी चांगली आहे. प्रबंधाची दोन्ही मोठी प्रकरणं लिहून झाली. पहिलं आपल्या पाच भोकांच्या पेटीचं. ज्या भोकात दिवा अर्धा सेकंद लुकलुकेल तिथं उंदरानं नाक घालायचं आणि साखरेची गोळी मिळवायची. औषध दिलेल्या दिवशी आपले उंदीर खरोखर कमी चुकतात. दुसरं दोन दांड्यांचं. जवळची दांडी दाबली की एक गोळी लगेच, लांबची दाबली की चार गोळ्या, पण चाळीस सेकंद थांबून. औषधाऐवजी नुसतं सलाइन टोचलेल्या दिवशी आपले पठ्ठे एका गोळीवर समाधान मानतात, आणि औषधाच्या दिवशी चक्क थांबतात! लक्षही वाढतं आणि धीरही वाढतो. सर एवढे खूश आहेत की परवा त्यांनी स्वतः चहा केला. वाईट होता, पण केला.

ऑगस्टच्या वीस तारखेला शोधनिबंध मोठ्या नियतकालिकाकडं जाईल, त्यानंतर माझा प्रबंध. त्याआधी आठ नव्या उंदरांवर दांड्यांचा प्रयोग पुन्हा करून दाखवायचा आहे. निव्वळ औपचारिकता म्हणून. तुमच्या जागी आता एक बाई आल्या आहेत, सगळे त्यांना ताई म्हणतात. वीस वर्षं हॉस्पिटलमध्ये काढलीत, सुईचा हात एकदम हलका. तुमच्यासारख्याच त्या उंदीरखोलीत सुया देतात आणि मी काचेपलीकडं कॉम्प्युटरपाशी बसते.

काका, मी पहिल्या दिवशी दोन-दोन हातमोजे घालून उंदराला शेपटीला धरून उचललं होतं, आठवतं? तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "चष्मिष, तुला कुणी वेणीला धरून उचललं तर चालेल?" त्या एका वाक्यावर माझी चार वर्षं उभी आहेत. तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथं लिहिते: मनापासून आभार.

तुमची,
चष्मिष


१२ जून

चि. चष्मिष, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सुधार. निम्मं मी वाचलं, निम्मं लेकीनं. ती शाळेत शिकवते, तिला वाईट अक्षराची सवय आहे.

माझं छान चाललंय असं सगळ्यांना सांगतो. सकाळी साडेपाचला जाग येते आणि खाणं कुणाला घालायचं हे कळत नाही. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात एक उंदीर आला. करडा, अगदीच अशिक्षित. दिवा काय, दांडी काय, कशाचा पत्ता नाही. लेकीनं सापळा लावला, तो अडकला, आणि मी त्याला पिशवीत घालून रस्त्यापलीकडच्या गोदामामागं सोडून आलो. परत आलो तर लेक दारात उभी. म्हणाली, "बाबा, तो तुमच्याआधी परत आलाय."

तुझं दुसरं प्रकरण ऐकून बरं वाटलं. सरांनी निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की या माणसाच्या एकतीस वर्षांच्या तक्त्यांत एक खोटी नोंद सापडणार नाही. तसं बोलायची गरज नव्हती. पण बोलले, आणि मी ऐकलं.

ताईंना सांग, भुसा बदलताना थोडा जुना भुसा नव्यात मिसळायचा, म्हणजे उंदरांना आपलं घर ओळखू येतं. लवकर डॉक्टर हो.

तुझा,
उंदीरकाका


९ जुलै

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

काका, सगळं फिसकटलं.

आठ नवे उंदीर, तीच पेटी, तीच दांडी, तोच डोस. भोकांच्या पेटीत ठीक आहेत, औषधाच्या दिवशी दिवा बरोबर पकडतात. पण दांड्यांवर उलटं झालं. औषध दिलं की थांबायचं नावच नाही. घुसतात ते थेट जवळच्या दांडीवर, एक गोळी खातात, पुन्हा तीच दांडी. सलाइनच्या दिवशी थांबतात त्याहूनही कमी. आठातले सात असेच. मी दोनदा आकडेमोड केली, मग सरांनी केली, मग आम्ही एकमेकांकडं बघत बसलो.

चार वर्षांचं एक प्रकरण असं हातातून सुटताना बघणं काय असतं, सांगता येत नाही. जुने निकाल खरे की नवे? दोन्ही खरे असतील तर मधे काहीतरी बदललंय. काय, ते शोधल्याशिवाय मला झोप नाही.

तुम्ही त्या खोलीत माझ्यापेक्षा जास्त राहिलात. तुमच्या वेळी आणि आता यात काय फरक असेल? आठवेल ते लिहा, कितीही फालतू वाटलं तरी. सुई दिल्यानंतर पेटीत सोडेपर्यंतच्या अर्ध्या तासाचे तुमचे तक्ते मी काढून पाहिले. "पिंजऱ्यात ठेवला, हात लावला नाही", प्रत्येक ओळीपुढं तुमची सही. ताईंचेही तसेच. म्हणजे तिथं काही नाही.

सर ताईंवर घसरतायत. म्हणतात, हॉस्पिटलचा हात तो हॉस्पिटलचा हात, उंदराला कळतो. ताई नंतर बाटल्या जरा जोरात घासतात.

तुमची,
चष्मिष


१५ जुलै

चि. चष्मिष, अनेक आशीर्वाद.

धीर सोडू नकोस. काय-काय असू शकतं ते लिहितो. पिंजरे धुवायचा साबण बदललाय का बघ. नव्या साबणाला वास असेल तर उंदीर बिथरतात. छताचा पंखा मधेच खटखट करायचा, तो दुरुस्त केला असेल तर तेही त्यांना वेगळं वाटेल. ट्यूबलाइट. गोळ्यांचा डबा उघडा राहिला तर गोळ्या मऊ पडतात, मऊ गोळीसाठी मीसुद्धा चाळीस सेकंद थांबणार नाही. नवे उंदीर ज्यांच्याकडून घेतले त्यांनी लहानपणी त्यांना नीट वागवलं का, तेही विचार.

मी वेगळं असं काही करत नव्हतो. तक्त्यात लिहिलंय तेच.

इकडं उकाडा आहे. लेक बरी आहे.

तुझा,
उंदीरकाका


३० जुलै

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

तुमच्या यादीबद्दल आभार. एकेक करून सगळं तपासलं. साबण तोच. पंखा अजून खटखट करतो. दिवे तेच, डबा घट्ट बंद. उंदीर त्याच माणसाकडचे, त्यानं तर शपथ घेतली. औषधाची नवी बाटलीसुद्धा मागवून पाहिली. काही फरक नाही.

शेवटी काल सरांनी निकाल लावला. जुने आकडे एवढे स्वच्छ आहेत, एवढ्या उंदरांचे आहेत, एकाच अनुभवी माणसाच्या हातचे आहेत, की तेच खरे मानायचे. नवा प्रयोग हात नवा असल्यामुळं बिघडला असं धरून सोडून द्यायचा. निबंध वीस तारखेला जाणार. ताईंना पुढच्या महिन्यापासून उंदीरखोलीतून काढून बाटल्या धुण्यावर टाकणार. ताईंना हे मीच सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "कागदावर लिहिलंय तेच केलं मी. जास्त नाही, कमी नाही."

मला हे पटतंय का? पटवून घेतेय. तुमच्या तक्त्यांवर माझा माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास आहे. तुम्ही लिहिलंय म्हणजे तसंच झालं असणार. त्या विश्वासावर मी वीस तारखेला बटण दाबीन. एवढा आधार दिल्याबद्दल पुन्हा एकदा आभार.

तुमची,
चष्मिष


७ ऑगस्ट

चि. चष्मिष, अनेक आशीर्वाद.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली, कारण तिन्हीत मी शहाणा दिसत होतो.

ताईंना हलवू नका. निबंध पाठवू नका. त्या खोलीत तक्त्याप्रमाणे काम करणारं पहिलं माणूस ताईच. चूक माझी आहे.

सुई दिल्यावर उंदीर पिंजऱ्यात ठेवायचा, अर्धा तास हात लावायचा नाही, हा नियम. त्या रकान्यातल्या माझ्या निम्म्या सह्या खोट्या आहेत.

कुठल्या दिवशी औषध आणि कुठल्या दिवशी सलाइन, हे मला कळू नये म्हणून सर बाटल्यांवर नुसते आकडे टाकायचे. आकडे दर आठवड्याला बदलायचे. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. पण बाटल्यांची नावं झाकली तरी उंदरांची तोंडं कोण झाकणार? सलाइन टोचलं की उंदीर अंग झटकतो आणि विसरतो. औषध टोचलं की चिरकतो. झोंबतं ते. मग पिंजऱ्यात जाऊन कोपऱ्यात पोट घासत बसतो. पहिल्याच महिन्यात मला समजलं.

तुझा चौदा नंबरचा उंदीर, एका कानाला खाच असलेला, फार चिरकायचा. एकदा त्याला पिंजऱ्यात सोडलंच नाही. एप्रनच्या पुढच्या खिशात घातला आणि हात ठेवून बसलो. थोड्या वेळानं शांत झाला. दुसऱ्या दिवशी दुसरा चिरकला, त्यालाही घेतला. मग सवयच लागली. एकेकाला सुई देण्यात अर्ध्या तासाचं अंतर असायचं, त्यामुळं मांडी मोकळीच असायची. जो चिरकला तो मांडीवर, जो नाही चिरकला तो पिंजऱ्यात. तू काचेपलीकडं कॉम्प्युटरकडं बघत असायचीस. माझी पाठ तुझ्याकडं असायची, आणि मी ती मुद्दाम तशी ठेवायचो. आता लपवत नाही.

सांगायला हवं होतं. पण रकान्यात लिहिलं होतं "हात लावला नाही" आणि मी सही केली होती. एकदा केल्यावर दुसऱ्यांदा करायला काही लागत नाही. मला वाटायचं, औषधाला मी धक्का लावला नाही, आकड्यांना लावला नाही, जिवाला जरा धरून बसलो, त्यानं काय बिघडतं? मांडीवर बसल्यानं उंदीर लांबची दांडी दाबेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

जुलैत तू विचारलंस तेव्हा मात्र अर्ध्या मिनिटात कळलं. आणि तरी मी तुला साबण आणि पंखा लिहून पाठवला. अर्धा तास धरून बसलो त्याची मला तेवढी लाज वाटत नाही, जुलैच्या त्या पत्राची वाटते. सर एकतीस वर्षांबद्दल जे बोलले होते ते मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. ते वाचवायला मी तुझे तीन आठवडे आणि त्या बाईंची जागा घालवायला निघालो होतो.

हे पत्र सरांना दाखव. तुझं प्रकरण माझ्या एप्रनमुळं गेलं. माफ कर असं लिहिणार नाही, तसं लिहिलं की तुला करावं लागेल.

उंदीरकाका

(पाकीट चिकटवण्याआधी मीही दोन ओळी लिहिते. मी त्यांची लेक. तुमचं तीस तारखेचं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हापासून बाबा ताटावर बसतात आणि न जेवताच उठतात. काल मला म्हणाले, "तू मुलांना खोटं बोललं की काय शिक्षा करतेस?" मी म्हटलं, खरं सांगायला लावते, तेवढीच. मग हे लिहायला बसले. तुम्हाला राग आला तर त्यांना तसं लिहा, पण काहीतरी लिहा.)


५ सप्टेंबर

चि. चष्मिष, आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. बरोबर आहे. वीस तारीख गेली, निबंध गेला की राहिला एवढंच एका ओळीत कळव. सही केली नाहीस तरी चालेल.

काका


१२ सप्टेंबर

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

निबंध गेला नाही.

उशीर झाला कारण पहिले तीन दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते की तुमचं पत्र ड्रॉवरमध्ये पालथं घालून ठेवलं. चौथ्या दिवशी काढून पुन्हा वाचलं आणि मनात धरून बघितलं की हे पत्र आलंच नाही. काय झालं असतं? निबंध छापून आला असता. हे औषध काही उंदरांपाशीच थांबणार नाही, पुढं ते माणसांकडं जाणार. कुठंतरी कुणा डॉक्टरनं आमच्या आकड्यांवर भरवसा ठेवून एखाद्या उतावळ्या मुलाला ते दिलं असतं, आणि ते मूल आणखी उतावळं झालं असतं. घरच्यांनी म्हटलं असतं, हाच हट्टी. तिथं माझा राग संपला, काका.

पत्र सरांना दिलं. त्यांनी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मला वाटलं आता भडका उडणार. ते म्हणाले, "हा तक्ता दहा वर्षं मीच छापतोय. त्या अर्ध्या तासात मी एकदा तरी खोलीत डोकावलोय का?" मग मला म्हणाले, "आणि तू? काच होती ना मधे. काच दिसायला असते." दोघांनाही एकमेकांकडं बघवेना.

मग ते स्वतः ताईंकडं गेले, माफी मागायला. ताईंच्या हातात बाटली होती. म्हणाल्या, "माफी राहू द्या, आधी मला माझ्या खोलीत जाऊ द्या. दुपारचं खाणं व्हायचंय त्यांचं." तेव्हापासून सर त्यांना अहो-जाहो करतात आणि ताईंना त्याचं हसू येतं.

तर आता असं ठरलंय. चोवीस नवे उंदीर. औषध झोंबायचं ते त्यातल्या आंबटपणामुळं, तो सरांनी मारून टाकलाय, त्यामुळं आता दोन्ही बाटल्यांना कुणीच चिरकत नाही. प्रत्येक उंदराचे चार प्रकारचे दिवस: औषध आणि मांडी, औषध आणि पिंजरा, सलाइन आणि मांडी, सलाइन आणि पिंजरा. माझी पदवी वर्षभर पुढं गेली. बरोबरची सगळी मुलं डॉक्टर होऊन निघून जातायत, मी उंदीरखोलीत. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण चुकीच्या प्रकरणावर मिळालेली पदवी भिंतीवर लावून मी रोज तिच्याखालून गेले असते. त्यातून तुम्ही मला सोडवलंत. याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, म्हणून सरळ लिहिते: उपकार झाले.

आता काम. ताईंनी आणि मी उंदीर मांडीवर घेऊन पाहिले. एक माझ्या बाहीत घुसला, एकानं ताईंच्या एप्रनला भोक पाडलं, एक माझ्या खांद्यावरून सरळ सिंकमध्ये. शांत कुणीच होईना. प्रबंधात "पद्धत" नावाचं प्रकरण असतं. ते वाचून जगात कुठल्याही माणसाला तेच करता आलं पाहिजे. तिथं "काका करायचे तसं" असं लिहून भागत नाही. तुम्ही काय करत होता, ते लिहून पाठवा. सगळं. या वेळी काही गाळू नका.

तुमची,
चष्मिष


२२ सप्टेंबर

चि. चष्मिष, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लेकीनं मोठ्यानं वाचलं आणि त्या दिवशी मी दोनदा जेवलो, एकदा माझं आणि एकदा तिच्या ताटातलं. तू लिहितेस उपकार. मला त्या शब्दाला हात लावायची भीती वाटते, पण तू दिलास, मी घेतला.

पद्धत विचारलीस. आजवर मला कुणी पद्धत विचारली नव्हती, म्हणून जमेल तशी लिहितो.

एप्रन सुती हवा, निदान दहा वेळा धुतलेला. पुढं एकच मोठा खिसा, मांडीवर पडेल एवढा खाली. वासाच्या साबणानं धुवायचा नाही, आणि आदल्या उंदराचा वास असला तर चांगलंच. बुटक्या स्टुलावर बसायचं, पाठ भिंतीला. तुम्ही दोघी नक्की खोलीच्या मधोमध बसला असाल. उंदराला मागं मोकळं आवडत नाही आणि तुमची पाठ म्हणजे त्याचीच पाठ.

सुई दिल्यावर त्याला उचलायचं नाही. खिसा पिंजऱ्याच्या दारापाशी धरायचा, तो स्वतः येतो. नाही आला तर थांबायचं. पहिल्यांदा मला सहा मिनिटं लागली होती. आत आला की डावा तळवा बाहेरून त्याच्या पोटाखाली, उजवा त्याच्या मागच्या पायांवर. डोक्यावरून हात फिरवायचा नाही. आपल्याला तो लाड वाटतो, त्याला वरून घार आल्यासारखं वाटतं. दाबायचं नाही, पण हात उचलायचाही नाही.

पहिली पाच मिनिटं तो फिरेल, कोपरे हुंगेल, खिशात घाण करेल. करू द्यायची. मान वळवून त्याच्याकडं बघत बसायचं नाही. त्याच्याशी बोलायचं असेल तर बोला, पण शहाणपण शिकवू नका. मी त्यांना घरच्या गोष्टी सांगायचो. लेकीचं शाळेतलं भांडण चौदा नंबरला पूर्ण ठाऊक होतं.

आठ-दहा मिनिटांनी तो दातावर दात घासायला लागतो, करकर असा बारीक आवाज, तळव्याला कळतो. नवीन माणूस त्याला राग समजतं. राग नाही तो, त्याचं बरं चाललंय. त्या वेळी बरेच जण मोकळे झालो म्हणून हात काढतात. तिथंच चुकतात. खरी वीस मिनिटं तिथून सुरू होतात.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला मी एका हातानं उंदीर धरून दुसऱ्या हातानं तक्ते भरायचो, वेळ वाया जाऊ नये म्हणून. त्या दिवशी उंदीर शांत व्हायचे नाहीत. मी तक्ते बाजूला ठेवले, तेव्हा व्हायला लागले. कसं कळतं त्यांना, ते तुझ्या सरांना विचार. मला एवढं माहीत आहे, की तो अर्धा तास दुसरं काहीच करायचं नाही. तुला ते सगळ्यात अवघड जाणार. तू एका हातानं जेवतेस आणि दुसऱ्यानं आकडे टाइप करतेस, मी पाहिलंय.

पायाला मुंग्या येतील. हलायचं नाही. सोडताना खिसा पेटीच्या दाराशी धरायचा, तो स्वतः उतरतो.

आणि रकान्यात जे केलं तेच लिहायचं.

तुझा,
उंदीरकाका


२० एप्रिल

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

पास झाले! आता सविस्तर.

आकडे तुम्हाला आधी, कारण तुमचा हक्क पहिला. दिव्याचं प्रकरण जसंच्या तसं टिकलं. औषधानं लक्ष वाढतं, मांडी मिळो न मिळो. दांड्यांचं वेगळं झालं. औषध घेऊन पिंजऱ्यात एकटा राहिलेला उंदीर सगळ्यांत उतावळा. मांडीवर बसलेला उंदीर थांबतो, मग त्याला औषध दिलेलं असो की सलाइन. म्हणजे धीर औषधाचा नव्हता, त्या अर्ध्या तासाचा होता. सर म्हणतात, जुन्या प्रकरणापेक्षा हे चांगलं आहे. मीही म्हणते, पण ते म्हणाले याचं महत्त्व जास्त.

पद्धतीच्या प्रकरणात तुमचं पत्र जवळजवळ तसंच घातलं, फक्त लेकीचं भांडण काढलं. पहिले दोन आठवडे मला जमलं नाही. तुम्ही म्हणालात तेच, माझे डोळे घड्याळावर. ताईंना तिसऱ्या दिवशी जमलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई फार कडक. दीड तास मला सोलून काढलं. मग प्रबंध मिटला आणि म्हणाल्या, "हे पान एकशे बारा. 'दुसरं काहीच करू नये.' असली पद्धत मी तीस वर्षांत वाचली नाही. मला दाखवा."

सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी ताईंकडं. आम्ही सगळे उंदीरखोलीत. ताईंनी सुई दिली, मग स्वतःचा एप्रन काढून बाईंच्या गळ्यात घातला, बाईंना स्टुलावर बसवलं, पाठ भिंतीला. खिसा पिंजऱ्यापाशी. उंदीर आत. बाई म्हणाल्या, "तोवर मी प्रश्न विचारते." ताई म्हणाल्या, "नाही विचारायचे." आणि काका, परीक्षकांना कुणी गप्प बसवलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. अर्धा तास त्या खोलीत पंख्याची खटखट सोडून आवाज नव्हता.

मग उंदीर पेटीत उतरला. इकडं हुंगलं, तिकडं हुंगलं, आणि लांबची दांडी दाबली. चाळीस सेकंद. तो बसून राहिला. चार गोळ्या पडल्या. कुठल्या आकड्याच्या बाटलीत काय होतं ते लिहिलेलं पाकीट सरांनी फोडलं. औषधच होतं.

मला वाटलं, झालं. पण बाई म्हणाल्या, "एका उंदरानं काय सिद्ध होतं? दुसरा आणा." बरोबरच होतं त्यांचं. मीही तेच म्हटलं असतं. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि दुसरा उंदीर खिशात घेतला.

दहा मिनिटं झाली असतील, सर निकालाचा कागद आणि पेन घेऊन आले. म्हणाले, आमच्याकडून सगळं झालंय, तुमची तेवढी सही राहिली, ऑफिस बंद व्हायच्या आत. बाईंनी मानही वळवली नाही. दोन्ही हात खिशाला. हळूच म्हणाल्या, "थांबा हो. आत्ता कुठं दात घासायला लागलाय."

सर थांबले. ताई थांबल्या. माझ्या पाच वर्षांचा कागद टेबलावर सहीवाचून पडला होता, आणि काका, खरं सांगते, मला अजिबात घाई नव्हती.

तुमची,
चष्मिष